४० किलोहर्ट्झचा क्षीण प्रतिध्वनी मायक्रोकंट्रोलरने कसा पकडावा? (विहिरीची पाणीपातळी)

विहीरकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एक काम अडलंय, त्यासाठी मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो.

शेत पुरंदर तालुक्यात आहे. विहीर कठड्यापासून ४० फूट खोल, व्यास वीसेक फूट. वरचे काही फूट दगडी बांधकाम, खाली कातळ. दिवाळीच्या सुमाराला पाणी दहा-पंधरा फुटांवर असतं, मेमध्ये पस्तीस फुटांच्याही खाली जातं. अंजिराला किती वेळ पाणी सोडायचं हे नुसत्या पातळीवर ठरत नाही. मोटर बंद केल्यावर झरे विहीर किती वेगाने भरतात त्यावर ठरतं. म्हणून दर दहा मिनिटांनी पातळीची नोंद हवी आहे, आणि ती दोनेक सेंटिमीटरच्या आत बरोबर हवी.

एचसी-एसआर०४ (आवाज सोडून तो परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा तयार सेन्सर) चार मीटरपुढे जात नाही, त्यामुळे सर्किट स्वतः केलं. १६ मिमीचे उघड्या जाळीचे दोन ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणारे), एक पाठवायला आणि एक ऐकायला. पाठवणाऱ्याला मॅक्स२३२ चिपमधून ४० किलोहर्ट्झच्या ८ सायकल. ऐकणाऱ्याच्या मागे एलएम३५८ या ऑपअँपची (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपची) एकच स्टेज, रेझिस्टरच्या हिशोबाने गेन १०००, म्हणजे सिग्नल हजारपट. पुढे एलएम३९३ कंपॅरेटर (सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की इशारा देणारी चिप) आणि अर्डुइनो उनो वेळ मोजतं.

४ मीटरपर्यंत छान चालतं, ६ मीटरला कधी मिळतं कधी नाही, आणि त्यापुढे काहीच नाही. गेन आणखी वाढवला की कंपॅरेटर सतत उडत राहतो. इतक्या अंतरावरून परत येणारा आवाज मुळात पकडण्याजोगा असतो का? की ८-१० मीटरसाठी हा मार्गच सोडून द्यावा?

---

मातीचाकण

प्रेशर सेन्सर का नाही? पाण्यात सोडायचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा आउटपुट घ्यायचा, काम झालं. विहिरीसाठी तोच सर्वांत सरळ उपाय आहे. रडारचे सेन्सरही मिळतात, पण महाग.

---

विहीरकाठ

@मातीचाकण, शेजारच्या शेतात तो आहे आणि चांगला चालतो. पण त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते, ती कोरडी ठेवावी लागते. आमच्या विहिरीत गाळ काढायला दर उन्हाळ्यात माणसं उतरतात, तेव्हा आत लोंबणारं जितकं कमी तितकं बरं. शिवाय मला हे समजून घ्यायचं आहे. जमत नसेल तर का जमत नाही, हे तरी कळू दे.

---

चौकस

वाचतोय. मलाही टाकीसाठी हेच करायचं होतं.

ट्रान्सड्यूसर एकमेकांपासून किती अंतरावर आहेत? आणि केबल किती लांब?

---

विहीरकाठ

५ सेंटिमीटर, एकाच पत्र्यावर. केबल सध्या दीड मीटर, शिल्डेड नाही.

---

तारायंत्र

विहीरकाठ, मार्ग सोडू नका. आधी परत येणारा आवाज किती असतो याचा हिशोब मांडू, मग अडचण कुठे आहे ते आपोआप दिसेल. बिनतारी संदेशवहनात आयुष्य गेलं, तिथे पहिली सवय हीच लागते: सर्किटला हात लावण्याआधी वाटेत किती डेसिबल जातात ते कागदावर काढायचं.

या प्रकारचा ट्रान्सड्यूसर १० व्होल्ट आरएमएसवर ३० सेंटिमीटरला साधारण ११७ डीबी आवाज देतो. डेटाशीटमध्ये हाच आकडा असतो. आता पाणी ११ मीटरवर आहे असं धरा. आवाज २२ मीटर चालून परत येतो.

पहिली घट पसरण्याची. पाण्याचा सपाट पृष्ठभाग आरशासारखा वागतो, त्यामुळे दाब २२ मीटर दूरच्या स्रोतापासून आल्यासारखाच कमी होतो. ३० सेंटिमीटरच्या तुलनेत ३७ डीबी गेले. (हवेतून पाण्यावर पडलेल्या आवाजाची ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत फिरते. त्या दृष्टीने विहीर हे नशिबाने मिळालेलं सर्वांत चांगलं लक्ष्य आहे. पाण्याऐवजी तिथे छोटी वस्तू असती तर अंतर दुप्पट झालं की ६ ऐवजी १२ डीबी गेले असते.)

दुसरी घट हवा शोषून घेते ती. ४० किलोहर्ट्झला नेहमीच्या हवेत मीटरमागे सव्वा ते दीड डीबी. १.३ धरला तर २२ मीटरला २८ ते २९ डीबी.

११७ मधून दोन्ही वजा करा, ५१ डीबी उरतात. म्हणजे ७ मिलिपास्कलच्या आसपास. ऐकणाऱ्या ट्रान्सड्यूसरची संवेदनशीलता पास्कलमागे साडेपाच मिलिव्होल्ट धरली, तर हातात येतात सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. ४ मीटरला हाच आकडा ९०० मायक्रोव्होल्ट निघतो.

४० मायक्रोव्होल्ट कमी वाटतात, पण आता नॉइज बघा. एलएम३५८ चा स्वतःचा नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळामागे ४० नॅनोव्होल्ट धरू. ट्रान्सड्यूसरची बँडविड्थ २ किलोहर्ट्झ. तेवढ्याच पट्ट्यात ऐकलंत तर नॉइज २ मायक्रोव्होल्टच्या आत राहतो. सिग्नल त्याच्या वीसपट आहे! म्हणजे प्रतिध्वनी हरवलेला नाही. तुमचं सर्किट नको त्या पट्ट्यात कान देऊन बसलंय.

---

अर्धमात्रा

तारायंत्रकाकांच्या हिशोबाला +१. त्याला जोडून एलएम३५८ चं एक सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे.

या ऑपअँपचं गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि वारंवारता यांचा गुणाकार, सुमारे १ मेगाहर्ट्झ. म्हणजे ४० किलोहर्ट्झला त्याच्याकडून जास्तीत जास्त २५ गेन मिळतो, रेझिस्टर काहीही सांगोत. तुम्ही फीडबॅक रेझिस्टर बदलून १००० चे ५००० केलेत तरी ४० किलोहर्ट्झला २५ च राहतो. पण ५० हर्ट्झला मात्र खरोखर ५००० होतो. गेन वाढवला तेव्हा मोटरची आणि वायरिंगची गुणगुण वाढली, प्रतिध्वनी होता तेवढाच राहिला. कंपॅरेटर उडणारच.

११ मीटरचे ४० मायक्रोव्होल्ट गुणिले २५, म्हणजे एक मिलिव्होल्ट. एलएम३९३ चा इनपुट ऑफसेटच काही मिलिव्होल्ट असू शकतो. त्याला हे दिसणं शक्यच नाही.

काय करावं:

ऑपअँप बदला. एमसीपी६०२२ चालेल, १० मेगाहर्ट्झचा आहे, ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचा नॉइजही एलएम३५८ पेक्षा बराच कमी आहे. दोन स्टेज करा, प्रत्येकी गेन तीसेक. दोन्ही बँडपास (ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारे फिल्टर), मध्य ४० वर, क्यू म्हणजे तीक्ष्णपणा ४-५. त्यापेक्षा तीक्ष्ण फिल्टर अ‍ॅनॅलॉगमध्ये करू नका, कपॅसिटरच्या टॉलरन्सने मध्य सरकतो आणि मग फिल्टर प्रतिध्वनीलाच खातो. बाकीचा अरुंदपणा सॉफ्टवेअरमध्ये आणता येतो, ते पुढच्या प्रतिसादात.

पहिल्या स्टेजच्या आधी दोन १एन४१४८ उलटसुलट जोडून ग्राउंडला लावा, म्हणजे पल्स सुटताना स्टेज भरून जाणार नाही. आणि ही स्टेज ट्रान्सड्यूसरच्या पाठीलाच बसवा. शिल्ड नसलेली दीड मीटर वायर म्हणजे अँटेना आहे.

---

गिअरबॉक्स

मी गाड्यांच्या पार्किंग सेन्सरवर काम करतो (कंपनीचं नाव नको), म्हणून पाठवण्याच्या बाजूबद्दल लिहितो. सगळे गेनच्या मागे लागतात, पाठवणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

ट्रान्सड्यूसर हा घंटेसारखा असतो, त्याला हलायला वेळ लागतो. ४० किलोहर्ट्झ आणि बँडविड्थ २ किलोहर्ट्झ म्हणजे क्यू २०. त्यावरून टाइम कॉन्स्टंट निघतो ०.१६ मिलिसेकंद, म्हणजे साडेसहा सायकल. ८ सायकल दिल्यात तर तो पूर्ण आवाजाच्या सत्तरेक टक्क्यांपर्यंतच पोचतो. १६-२० दिल्यात तर ९० टक्क्यांच्या वर. आणि ऐकणाराही तसाच सुस्त असतो, त्यामुळे फायदा दोनदा मिळतो. एचसी-एसआर०४ ८ सायकलवर थांबतं कारण त्याला २ सेंटिमीटरपासून मोजायचं असतं. तुम्हाला कठड्याजवळचा अर्धा मीटर मोजायचाच नाही. २० द्या.

दुसरं, वारंवारता. ४०.० वर छापलेला ट्रान्सड्यूसर प्रत्यक्षात ३९.३ वर किंवा ४०.६ वर असू शकतो. जोडी भिंतीसमोर ठेवा आणि ३९ ते ४१ पर्यंत शंभर-शंभर हर्ट्झने सरकत जा. १६ मेगाहर्ट्झच्या टायमरला ४०० च्या जागी ४०१ दिलं की जवळजवळ १०० हर्ट्झ खाली येतं. जिथे प्रतिध्वनी सर्वांत मोठा तिथे थांबा. मूठभर ट्रान्सड्यूसर घेऊन जुळणारी जोडी निवडता आली तर आणखी उत्तम.

तिसरं, दोन्ही एकाच पत्र्यावर आहेत, म्हणजे पत्रा वाजतो आणि तो आवाज थेट ऐकणाऱ्याकडे जातो. दोन्ही रबरी ग्रोमेटमध्ये बसवा, मध्ये फोमची भिंत घाला.

आणि एक विचारायचं होतं. उघड्या जाळीचे ट्रान्सड्यूसर विहिरीच्या दमटपणात किती टिकतील? गाडीला लावतात ते बंद तोंडाचे असतात, पाण्याला घाबरत नाहीत, पण दोन्ही दिशा मिळून सहज दहा-वीस डीबी कमी देतात आणि चालवायला ट्रान्सफॉर्मर लागतो.

---

विहीरकाठ

हे सगळं वाचून अंगात बळ आलं. ४० किलोहर्ट्झला गेन २५ च, ही गोष्ट कुठेच वाचली नव्हती.

@गिअरबॉक्स, पेटी कठड्यावर लोखंडी आडव्या अँगलवर आहे, विहिरीच्या आत नाही. मापन झालं की छोटी सर्व्हो झाकण बंद करते. त्यामुळे उघडे ट्रान्सड्यूसर अजून तरी ठीक आहेत.

@अर्धमात्रा, सॉफ्टवेअरबद्दल वाट बघतोय. माझ्याकडे उनो आहे आणि एसटीएम३२ चं निळं बोर्डही आहे.

---

अर्धमात्रा

मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

कंपॅरेटर काढून टाका. फिल्टरचा आउटपुट अर्ध्या सप्लायवर ठेवून सरळ एडीसीला (मायक्रोकंट्रोलरमधला, व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) द्या. आता प्रश्न, नमुने किती वेगाने घ्यायचे. ४० किलोहर्ट्झची लाट म्हणजे ८० पेक्षा जास्त हवेत असं आपण शिकलेलो असतो. १६० ने घेतले तर दर लाटेला चार नमुने, सोयीचं. पण २२ मीटरसाठी ७० मिलिसेकंद ऐकायचं, म्हणजे ११,२०० नमुने, दोन-दोन बाइट धरून साडेबावीस हजार बाइटच्या जवळ. निळ्या बोर्डाची रॅम २० केबी. बसत नाही.

बसवायची गरजही नाही. आपला सिग्नल ४० च्या आजूबाजूला २ किलोहर्ट्झच्या पट्टीत आहे, बाकीचं सगळं रिकामं. म्हणून नमुने ३२ किलोहर्ट्झने घ्या. ४० भागिले ३२ म्हणजे सव्वा. दोन नमुन्यांच्या मध्ये लाट बरोबर सव्वा सायकल पुढे जाते. पूर्ण सायकल दिसत नाही, पाव तेवढी दिसते. पहिला नमुना साइन धरला तर दुसरा कोसाइन, तिसरा उलटी साइन, चौथा उलटी कोसाइन, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग चार नमुन्यांच्या गटात पहिल्यातून तिसरा वजा करा, त्याला 'अ' म्हणू. दुसऱ्यातून चौथा वजा करा, तो 'ब'. एकही गुणाकार न करता लाटेचे दोन्ही घटक मिळाले, आणि वजाबाकीत डीसी ऑफसेटही गेला. लागोपाठ १६ नमुन्यांचे 'अ' आणि 'ब' बेरजेत धरलेत की अर्ध्या मिलिसेकंदाची खिडकी होते. २० सायकलचा पल्सही बरोबर अर्धा मिलिसेकंदाचा. जेवढा लांब पल्स तेवढीच लांब खिडकी, याहून चांगलं गाळण या पल्ससाठी नाही. ही खिडकी साधारण २ किलोहर्ट्झची बँडविड्थ देते.

खिडकी चार-चार नमुन्यांनी पुढे सरकवा. प्रत्येक जागी 'अ' वर्ग अधिक 'ब' वर्ग. जिथे शिखर तिथे पाणी. शिखर आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांतून पॅराबोला काढलात की खिडकीच्या पावलापेक्षा बारीक जागा सापडते.

दोन पथ्यं. अ‍ॅनॅलॉग बँडपास आधी असायलाच हवा, कारण ३२ ने नमुने घेताना ८, २४ आणि ५६ किलोहर्ट्झचा कचराही त्याच जागी येऊन पडतो. आणि पल्स व नमुने दोन्ही एकाच घड्याळावरून निघाले पाहिजेत. उनोवर १६ मेगाहर्ट्झ भागिले ५०० म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, काटेकोर. एडीसी टायमरने ट्रिगर करा. लूपमध्ये अ‍ॅनॅलॉगरीड आणि मायक्रोज वापरून हे होत नाही. मायक्रोज ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं, आणि आपली अख्खी लाट २५ मायक्रोसेकंदांची आहे.

---

चौकस

वाचनखूण साठवली. "सव्वा सायकल" वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला.

उनोच्या २ केबी रॅममध्ये हे बसेल का?

---

अर्धमात्रा

बसेल. नमुने साठवायचेच नाहीत. प्रत्येक नमुना आला की त्याच्या खिडकीच्या 'अ' किंवा 'ब' मध्ये मिळवायचा आणि विसरायचा. सरकती खिडकी सोडून नुसत्या अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाच्या १४० खिडक्या केल्यात तर १४० × २ × २ = ५६० बाइट. पातळी तेवढी बारीक मिळत नाही, पण पाणी सापडतं. मग त्या जागेच्या आजूबाजूला दुसऱ्या पल्सला बारीक खिडकी लावायची.

---

तारायंत्र

अर्धमात्राताईंनी अतिशय स्वच्छ मांडलं आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे पल्स एकापाठोपाठ एक सोडून 'अ' आणि 'ब' ची बेरीज करत जाणं. प्रतिध्वनी प्रत्येक वेळी त्याच कलेत (फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या चढ-उताराच्या त्याच टप्प्यावर) येतो, त्यामुळे ६४ पल्समध्ये तो ६४ पट होतो. नॉइज मात्र कधी अधिक कधी उणा, म्हणून फक्त ८ पट. नॉइजच्या तुलनेत सिग्नल ८ पट वर आला, म्हणजे १८ डीबी, आणि सर्किटमध्ये एक पैशाचाही बदल नाही. एडीसीच्या एका पायरीपेक्षा लहान प्रतिध्वनीसुद्धा असा वर काढता येतो. त्यासाठी थोडा नॉइज असणं उलट गरजेचं असतं, नाहीतर एडीसीचा आकडा हलतच नाही.

पण दोन पल्समध्ये ठरावीक वेळ ठेवू नका. कारण ११ मीटरवरचा प्रतिध्वनी ६४ मिलिसेकंदांनी येतो. तो वर अँगलवर आदळून पुन्हा खाली जातो आणि १२८ ला परत येतो. तुम्ही दर १०० मिलिसेकंदांनी पल्स सोडत असाल तर हा दुसरा फेरा पुढच्या पल्सच्या २८ व्या मिलिसेकंदाला उगवेल. यंत्र सांगेल, पाणी पावणेपाच मीटरवर आहे! आणि ते प्रत्येक वेळी तिथेच उगवत असल्याने बेरजेत वाढतच जाईल. म्हणून दीडशे ते दोनशेच्या मध्ये कुठेही, यादृच्छिक वेळ ठेवा. ५० हर्ट्झशी जुळणारा गोंगाटही त्यानेच विखुरतो. वायफायचं मॉड्यूल आणि बक कन्व्हर्टर ऐकण्याच्या काळात बंद ठेवता आले तर ठेवा, त्या वेळी बॅटरी आणि साधा लिनिअर रेग्युलेटर पुरे.

अवांतर: १९७८ साली पोलरॉइडने एसएक्स-७० कॅमेऱ्यात फोकससाठी अल्ट्रासोनिक बसवलं. त्यात एका सुरात न बोलता ६०, ५७, ५३ आणि ५० किलोहर्ट्झ असे चार सूर मिळून ५६ सायकल सोडत, कारण एखाद्या सुराचा प्रतिध्वनी वस्तूच्या आकारामुळे स्वतःशीच कटून जाऊ शकतो. आणि जसजसा वेळ जाईल तसतसा अँप्लिफायरचा गेन पायऱ्यापायऱ्यांनी वाढे, कारण उशिरा येणारा प्रतिध्वनी क्षीण असणार हे ठाऊकच आहे. तुम्हालाही याची थोडी गरज पडेल. १ मीटर आणि ११ मीटर यांच्या प्रतिध्वनीत जवळजवळ ४७ डीबीचा फरक आहे.

---

अर्धमात्रा

त्यासाठी सोपं काहीतरी: पहिल्या स्टेजचा आउटपुट एडीसीच्या दुसऱ्या चॅनेलला द्या. पाणी वर असताना तो वाचायचा, खाली असताना दुसऱ्या स्टेजचा. गेन बदलणारी वेगळी चिप लागत नाही.

शिखर शोधताना मात्र आकड्यांना अंतरानुसार भरपाई द्या, म्हणजे पसरण्याचे आणि शोषणाचे डीबी परत मिळवा. नाहीतर ३ मीटरवरची पायरीची कड ११ मीटरवरच्या पाण्यापेक्षा मोठी दिसेल.

---

गिअरबॉक्स

पायऱ्यांचा विषय निघालाच आहे तर: १६ मिमीच्या ट्रान्सड्यूसरचा शंकू दोन्ही बाजूंना तीसेक अंश उघडा असतो. तुमची विहीर ३ मीटर त्रिज्येची. विहिरीच्या बरोबर मधोमध टांगलात तरी ५ मीटरच्या खाली शंकू भिंतीला लागतो. कातळ खडबडीत असल्यामुळे तिथून थोडंथोडं सगळीकडून परत येणार.

दोन्ही ट्रान्सड्यूसरना नरसाळं लावा. स्टीलचं, दुकानात मिळतं तेच, नळी कापून ट्रान्सड्यूसर घट्ट बसेल असं. शंकू निमुळता होतो, आणि दोन्ही मिळून माझ्या अनुभवात दहा डीबी तरी मिळतात. फक्त मग पेटी लेव्हल बॉटल लावून बसवा. पाणी स्वतःहून समतलच असतं, तिरकेपणा येतो तो आपल्या पेटीमुळे. शंकू निमुळता असेल तर ५ अंशांचा तिरकेपणाही प्रतिध्वनी खाऊन टाकतो.

---

विहीरकाठ

कळवायला उशीर झाला, पण चांगली बातमी घेऊन आलोय.

एमसीपी६०२२ च्या दोन स्टेज, २० सायकल, ३२ किलोहर्ट्झने नमुने, ६४ पल्सची बेरीज, नरसाळी, रबरी ग्रोमेट. माझी जोडी ३९.७ ला सर्वांत जोरात बोलते. टायमर ४०३ ने भागून पल्स ३९.७ चा केला आणि नमुन्यांचा वेगही सव्वाच्या प्रमाणात ३१.७६ केला.

दोरीने मोजलं तर पाणी ३५ फूट ४ इंचांवर. यंत्रावर त्या जागी एकच उंच शिखर, आजूबाजूच्या सपाटीपेक्षा कितीतरी वर. एकट्या पल्समध्येही ते ओळखू येतं. एलएम३५८ वर ज्याचा मागमूस नव्हता तो प्रतिध्वनी तिथेच होता, हे डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक नवीन गोष्ट. दुपारी यंत्र खऱ्या अंतरापेक्षा वीसेक सेंटिमीटर जास्त दाखवतं. पेटीतल्या तापमानावरून वेग काढतोय.

---

तारायंत्र

अभिनंदन!

पेटीत ४० अंश असतील तेव्हा खाली पाण्याजवळ २७ असतात. आवाजाचा वेग अंशामागे सेकंदाला ०.६ मीटरने बदलतो, म्हणजे सुमारे ०.१७ टक्के. १३ अंशांचा फरक पूर्ण लागला तर सव्वादोन टक्के, ११ मीटरला २५ सेंटिमीटर. तुमची चूक त्याच मापाची आहे. एक डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) वर, सावलीत, आणि एक पाण्याजवळ बारीक तारेने सोडा. सरासरी घ्या. मध्ये तिसरा लावलात तर आणखी बरं, कारण विहिरीतलं तापमान वरून खाली सरळ रेषेत उतरत नाही, वरच्या काही फुटांतच बराचसा उतार असतो.

दमटपणाचाही थोडा वाटा आहे. ३० अंशांना कोरड्या हवेपेक्षा पूर्ण दमट हवेत वेग अर्धा-पाऊण टक्का जास्त असतो. विहिरीत खालची हवा जवळजवळ पूर्ण दमट धरली तर चालेल, तेवढी कायमची दुरुस्ती घाला.

---

विहीरकाठ

दोन सेन्सर लावले, फरक दोन-तीन सेंटिमीटरवर आला. झरे भरण्याचा वेग काढायला एवढं पुष्कळ आहे, कारण तिथे एका तासातला बदल बघायचा असतो.

---

विहीरकाठ

डिसेंबरात धागा पुन्हा वर काढतोय. पाणी १६ फुटांवर आहे, म्हणजे प्रतिध्वनी भरपूर मोठा असायला हवा. दिवसा तसा आहेही. पण पहाटे चार ते सातच्या दरम्यान ६४ पल्सच्या बेरजेत शिखर बसून जातं आणि आकडा उड्या मारतो. सर्किट तेच, बॅटरी ठीक. मोटर तेव्हा बंद असते, त्यामुळे पाणीही शांत.

---

अर्धमात्रा

पाणी शांत असेल, हवा नाही. थंडीत पहाटे विहिरीतून वाफ वर येताना पाहिली असेलच. उन्हाळ्यात गार, जड हवा खाली बसलेली आणि गरम वर, त्यामुळे काहीच हलत नाही. थंडीत पहाटे वरची हवा विहिरीतल्या हवेपेक्षा गार होते, ती खाली घुसते आणि आतली उबदार, दमट हवा वर निघते. तुमचा आवाज या घुसळणीतून दोनदा जातो.

लाटेची लांबी ८.६ मिलिमीटर. येण्याजाण्याच्या वाटेत पल्सागणिक ४.३ मिलिमीटरचा फरक पडला तरी कला उलटी होते. १६ फुटांची वाट जाऊन-येऊन जवळजवळ १० मीटर. त्यात वेग २० पल्समध्ये २००० त एका भागाने इकडेतिकडे झाला की तेवढं पुरतं, म्हणजे हवेत एखाद्या अंशाचीही गरज नाही, त्याच्या तिसऱ्या हिश्शाने भागतं. मग 'अ' आणि 'ब' एकमेकांना कापतात आणि ६४ पल्सची बेरीज प्रतिध्वनीलाच मारते.

उपाय: अशा वेळी 'अ' आणि 'ब' जोडू नका. प्रत्येक पल्सचा 'अ' वर्ग अधिक 'ब' वर्ग काढा आणि ते जोडा. नॉइजवरचा फायदा कमी मिळतो, पण कला बदलली तरी शिखर जागेवर राहतं. मधला मार्ग म्हणजे लागोपाठचे चार पल्स कलेसकट जोडायचे, आणि अशा चौकड्यांचे वर्ग एकत्र करायचे. १६ फुटांवर तर एकेक पल्सही पुरेल.

मी दोन्ही बेरजा नेहमी चालू ठेवीन. कलेसकट केलेली बेरीज वर्गांच्या बेरजेपेक्षा फार लहान दिसली की हवा घुसळतेय असं समजायचं.

---

विहीरकाठ

चौकड्यांची पद्धत घातली. पहाटेच्या नोंदी आता दिवसासारख्याच सलग येतात. आणि दोन बेरजांचं गुणोत्तर मी वेगळं नोंदवतोय. सूर्य वर आला की ते झरझर एककडे चढताना दिसतं, फार बघण्यासारखं आहे.

संध्याकाळी मात्र अधूनमधून सुटे काटे येतात, कुठल्याही अंतरावर.

---

तारायंत्र

संध्याकाळी पाणी प्यायला वटवाघळं येत असतील. कीटक खाणाऱ्या पुष्कळ वटवाघळांच्या हाका याच वारंवारतांमध्ये असतात, आणि पेटीजवळून गेलं तर तुमच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठ्याने. चौकड्यांची सरासरी न घेता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. एखादी चौकडी बिघडली तरी निकाल हलणार नाही.

---

रानवारा

अप्रतिम धागा. आमच्याकडे विहीर नाही, सहा इंची बोअर आहे, पाणी दोनशे फुटांच्या आसपास. हेच सर्किट जोर वाढवून चालेल का?

---

तारायंत्र

नाही चालणार, आणि कारण जोराचं नाही. २०० फूट म्हणजे जाऊन-येऊन १२२ मीटर. ४० किलोहर्ट्झला हवाच दीडशे डीबीच्या वर खाते, ते कोणत्याही बेरजेने भरून निघत नाही. शिवाय नळी लाटेच्या लांबीच्या मानाने फार रुंद आहे. आवाज भिंतींवर आपटत शेकडो वाटांनी खाली जातो आणि पल्स पसरून सपाट होतो.

बोअरसाठी उलट टोकाला जायचं. सहा इंची नळीत सुमारे १३०० हर्ट्झच्या खाली आवाजाला एकच सरळ वाट उरते, दुसरी नसते. म्हणून तिथे कानाला ऐकू येणारा, दोन-तीनशे हर्ट्झचा ठोका वापरतात. नळीच्या तोंडाशी लहान स्पीकर, शेजारी मायक्रोफोन. पल्स लांब होतो, त्यामुळे बारकाई फुटापर्यंत येते, पण प्रतिध्वनी येतो. केसिंग जिथे संपतं आणि पंपाचा पाइप जिथे जोडलाय तिथूनही येतो, तेव्हा पहिल्यांदा मोटर बंद असताना आणि मग तासभर चालल्यावर, अशा दोन नोंदी घ्या. या दोन्हींमध्ये जो प्रतिध्वनी सरकला तो पाण्याचा.

'अ' आणि 'ब' ची सगळी गणितं तशीच लागू पडतात. ३०० हर्ट्झचा ठोका असेल तर नमुने १२०० ने घ्या, दर नमुन्याला पाव सायकल. उनोला हे अगदी सहज जमेल.

---

रानवारा

मायक्रोफोन इलेक्ट्रेट चालेल ना? स्पीकर चार इंची आहे घरात.

---

तारायंत्र

दोन्ही चालतील. स्पीकर नळीच्या तोंडावर फोमची रिंग लावून बसवा, फट राहू देऊ नका. केबल जाते तिथलीही बुजवा. पहिली नोंद मिळाली की नवीन धागा काढून आलेख टाका, बघू.